निसटलेल्या काठीचा ठेका

कला अमर असते. निदान सासऱ्यांनी ती मारायचा मनापासून प्रयत्न केला, तरी मेली नाही.

तरुणपणी ते एका फंक बँडमध्ये ड्रम वाजवत. बँडची एकुलती एक रेकॉर्ड निघाली. तिच्यात मधेच सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रम एकटे उरतात. नेमकी तिथेच सासऱ्यांच्या हातातून काठी निसटली. एक ठोका पडलाच नाही. स्टुडिओची वेळ संपली होती, म्हणून तसंच छापलं. बास वाजवणारा सख्खा धाकटा भाऊ तेव्हा हसला. सासरे त्याच्याशी आजतागायत बोलत नाहीत. लग्नकार्यात समोर आलाच, तर भिंतीला नमस्कार करतात. रेकॉर्डच्या प्रती मिळतील तिथून आणून त्यांनी फोडल्या. एक तेवढी मुलीने लहानपणी लपवली.

जावई हिप-हॉपची गाणी करतो, तीही सासऱ्यांच्याच गॅरेजमध्ये. बायकोने कौतुकाने ती रेकॉर्ड दाखवली आणि या गृहस्थाने अख्ख्या गाण्यातून नेमका तेवढाच तुकडा कापला. संथ केला, खर्जात नेला, गोल फिरत राहील असा जोडला आणि वर रॅप चढवलं. त्या रिकाम्या जागेवर ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाई. गाणं गाजलं. सलूनमध्ये, जिममध्ये, शेजाऱ्याच्या गाडीत सासऱ्यांची चूक दिवसभर होऊ लागली.

"बाबांना कळलं, की काकांसारखाच मलाही भिंतीला नमस्कार," बायको म्हणाली.

त्यानंतर घरात खिडक्या उघडेनात. गाडीचा हॉर्न वाजला तरी जावई दचके. सासरे फिरायला निघाले, की कुणीतरी उगाच सोबत जाई आणि मोठमोठ्याने हवापाण्यावर बोलत राही.

एका दुपारी सासरे स्वतःच गॅरेजमध्ये उतरले आणि स्टूल ओढून बसले. न्हाव्यालासुद्धा पाठ असलेलं गाणं घरच्या माणसानेच ऐकलेलं नाही, ही त्यांची तक्रार होती. जावयाने स्पीकरची वायर सैल असल्याचं सांगितलं.

"मी धरतो. लावा, जावईबापू."

बायको दारात ओल्या हातांनी उभी राहिली. गाणं सुरू झालं. सासऱ्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आणि ती जागा येताच हवेत थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. बायकोने डोळे मिटले.

गाणं संपलं.

"वाजवणारा कोण?"

"आहेत... एक जुने गृहस्थ."

"एक ठोका खातो."

"हो."

"पण दर वेळी तोच, अगदी त्याच जागी. म्हणजे ठरवून खातो." सासरे वायर ठेवून उठले. "आमच्यात असा हात एकाचाही नव्हता. धरून ठेवा त्याला."

ते वर जाऊन झोपले. संध्याकाळी जावयाला सणकून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सगळीकडे साथ चालू आहे.