ट्रामच्या गळ्यातला बदाम

आता ट्राम वेशीच्या बुरुजाखालून, पुलावरून, पार पलीकडच्या गावांपर्यंत थाटात जाते आणि नव्या पोरांना वाटतं, ती आपोआपच टिकली. आपोआप कसली डोंबलाची! तिला भंगारात काढायचं पक्कं ठरलं होतं. तारीखही ठरली होती, आणि ती तारीख ठरवताना बेर्टलने माती खाल्ली म्हणून निभावलं.

बेर्टल म्हणजे आमचे नगरसेवक एंगेलबर्ट पेझेनडोर्फर. त्या काळी ट्राम म्हणजे एकच डबा, स्टेशनापासून चढ उतरत गावात येणारा. त्याआधी ती थेट तळ्याकाठच्या चौकापर्यंत यायची. मोटारींना जागा हवी म्हणून खालचे रूळ उपटले, तेव्हा सगळं गाव कडेला उभं राहून नुसतं बघत होतं. आता उरलेला तुकडाही नको, बस आणू, असं नगरपालिकेने ठरवलं. ट्राम चालवायचा सेप लॉइडल. त्याची बायको नोटबुर्गा जिंजरब्रेड, म्हणजे आलं-मध घातलेली जाड बिस्किटं, भाजायची, आणि खालचे रूळ गेल्यापासून ती धुमसतच होती.

एका सकाळी बेर्टल तिच्या दुकानात आला.

"लॉइडलबाई, लिबश्टाटच्या सणाच्या रविवारी ट्रामचा निरोप समारंभ करतोय. गाव तसंही जमतंच, बँडही असतो. गाडीच्या पुढे टांगायला जिंजरब्रेडचा एक मोठा बदाम करा, पत्त्यांतल्या बदामासारखा. वर साखरेने 'निरोप' असं लिहा."

नोटबुर्गाने साखरेची पिशवी खाली ठेवली. "बेर्टल, त्या रविवारी आपल्याकडे बदाम कुणाला देतात रे?"

"ज्याच्यावर जीव असतो त्याला. हे काय विचारणं झालं?"

"आणि तो देऊन कुणी 'आता नीघ' म्हटल्याचं ऐकलंयस?"

"उगाच कीस काढू नका. शोभेची वस्तू आहे."

"करते. पण निरोप लिहिणार नाही."

"मग कोराच आणा. लोकांना कळेल कशासाठी आहे ते."

"कळेल की," नोटबुर्गा म्हणाली.

घरी सेप म्हणाला, "जाऊ दे बुर्गी. पेन्शन मिळेल मला. नगरपालिकेच्या तोंडी कोण लागणार?"

"मी लागणार. तू फक्त तुझी टोपी घासून ठेव."

एकदा बघत बसलो, तेव्हा अर्धी गेली. पुन्हा बघत बसलो तर आपल्यासारखे नामर्द आपणच, असं ती कणीक मळता मळता बडबडत होती. शनिवारभर दुकानात झुंबड होती. बदामाच्या आकाराचे जिंजरब्रेड बायकोला, आईला, नव्या सुनेला. प्रत्येकाचं पुडकं बांधताना ती एवढंच म्हणायची, "ट्रामसाठीपण एक घ्या. जीव असेल तर घ्या, नसेल तर राहू द्या."

रविवारी चर्चमधून बदाम आशीर्वाद घेऊन बाहेर पडले आणि माणसं थेट ट्रामपाशी आली. बेर्टलचं भाषण सुरू व्हायच्या आत नोटबुर्गाने आपला परातीएवढा बदाम लाल फितीने गाडीच्या पुढच्या दिव्याला बांधला. "घे गं, तुझा," ती ट्रामला मोठ्याने म्हणाली. मग लोक पुढे झाले. दांड्यांना, दाराच्या मुठींना, आरशाला, जागा मिळेल तिथे बदाम बांधले गेले. बेर्टल खूश. त्याला वाटलं, काय हृद्य निरोप चाललाय.

भाषण संपवून त्याने 'सेवा बंद' अशी पाटी काढली. ती लावायची होती दिव्यावर, आणि तिथे तर बदाम. त्याने फितीला हात घातला.

बँड वाजायचा थांबला.

"बेर्टल," गर्दीतून त्याची आई, म्हातारी क्रेसेन्झ म्हणाली, "दिलेला बदाम दुसऱ्याने काढायचा असतो का रे?"

"आई, ही गाडी आहे."

"गाडीलाच दिलाय ना? मग तिचा आहे. हात काढ."

आमच्या गावात असा चारचौघांत बदाम काढणाऱ्याचं नाव नातवंडांच्या लग्नातसुद्धा निघतं. बेर्टलला ते आत्ता आठवलं. त्याने सोबत आलेल्या नगरपालिकेच्या माणसाकडे पाहिलं, तर त्या माणसाने दोन्ही हात खिशात घातले.

"सेप, तू काढ."

सेपने टोपी नीट केली आणि गाडीत चढला. "माझी वरची फेरी आहे."

"फेरी कसली? गाडी शेडमध्ये जायचीय."

"शेडही वरच आहे आणि स्टेशनही वरच. वर जातोच आहे तर माणसं नेतो. मग त्यांना घरी आणायला खाली येतो."

"तुझी पेन्शन, सेप..." बेर्टल हळू आवाजात म्हणाला.

"ठेव तुझ्याकडे."

नोटबुर्गाला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. ती चढली आणि तिच्यामागे गाव चढलं. गाडी बदाम खडखडवत वर गेली, आणि भरून खाली आली.

बेर्टल पाटी काखेत धरून रुळातच उभा होता. म्हातारीने त्याला कोपराला धरून बाजूला ओढलं आणि स्वतः आत जाऊन बसली.

"येतोस का?" नोटबुर्गाने दारातून विचारलं. "मागे उभं राहायला जागा आहे. ती पाटी मात्र आत चालणार नाही."

बेर्टलने इकडेतिकडे पाहिलं. मग पाटी फुटपाथवर पालथी ठेवली आणि तो चढला.