बाकीच्या तिघी

“भावजी, ही एकटीच आहे असं समजून न्या. बाकीच्या तिघी आहेतच, असं मनातसुद्धा आणू नका.”

मित्रांनो, मी जन्मले त्या दिवशीच हे वाक्य माझ्या कानावर पडलं. मी ते हसण्यावारी नेलं. उलट मला बरंच वाटलं. आपल्यासारख्या आणखी तिघी आहेत, म्हणजे सगळा भार काही आपल्या एकटीवर नाही!

मी खलिते नेणारी एक जुनी थैली आहे. न्यूबरीपोर्ट बंदरातल्या मेहिटाबल पाईकनं मला फाटक्या शिडाच्या कापडातून शिवलं. मांडीवर पोर, हातात सुई आणि अर्धं लक्ष दाराकडे, अशी ती बसली होती. आमच्या लोकांनी दर्यापार बसून आमच्यावर राज्य करणाऱ्या राजाविरुद्ध बंड पुकारलं होतं. समुद्रावर राजाच्या आरमाराचा पहारा होता, आणि पलीकडे फ्रान्समध्ये आमचे राजदूत व्हीटन मदत मागायला बसले होते. सेनापतींची पत्रं त्यांच्याकडे आमच्यासारख्या थैल्यांतून जात. शत्रूचं जहाज दिसलं की थैली समुद्रात टाकायची, असा हुकूम होता. म्हणून आमच्या अंगाला भोकं ठेवत आणि पोटात वजन घालत. पत्र एकच, पण नकला चार. चार थैल्या, चार जहाजं. एक तरी पोहोचेल, हा त्यामागचा हिशेब.

वजनाला शिसं हवं होतं, आणि गावातलं शिसं तर सगळं बंदुकीच्या गोळ्या ओतण्यात गेलेलं. बाकीच्या तिघींत दगड भरले. माझी पाळी आली तेव्हा मेहिटाबल उठली आणि भिंतीवरच्या घड्याळाची दोन्ही शिशाची वजनं तिनं काढली. टिकटिक थांबली.

शेजारच्या लिडियाकाकू दारातूनच म्हणाल्या, “झालं! आता पोराला दूध कधी पाजायचं ते कसं कळणार गं तुला?”

“पोर भोकाड पसरेल की, काकू. पण आपल्या माणसांच्या वतीनं राजदूताच्या कानाशी कोण ओरडणार?”

तिची माणसं म्हणजे खरं तर एकच माणूस. तिचा नवरा एनॉक सैन्याच्या छावणीत होता. त्यानं चिठ्ठी धाडली होती, ‘जोडे झिजून गेले. पायांना गोणपाट बांधतो. मी मजेत आहे.’ त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, हे तिला वाचताक्षणी कळलं होतं.

आमचे सेनापती जनरल थॉर्न यांचं पत्र माझ्या पोटात आलं, तेव्हा त्यात तेच निघालं. पोटातलं आपल्याला कळल्यावाचून राहत नाही. ‘दारूगोळ्याचं आम्ही भागवून घेऊ,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘जोडे पाठवा. बर्फ पडण्याआधी जोडे आले नाहीत, तर वसंतात मला सैन्य उरणार नाही.’

मला न्यायला आले कप्तान जाबेझ टिटकॉम. एनॉकचे मावसभाऊ. मोठ्यानं हसणारे, मनानं चांगले. मेहिटाबलनं मला त्यांच्या हाती देताना ते वाक्य म्हटलं, तसे ते हसले. “अहो वहिनी, चार जहाजं चाललीत! मी वाटेत झोपलो तरी तुमचा खलिता पोहोचेल.”

भर समुद्रात आम्हाला कुणी आडवं आलं नाही. फ्रान्सचा किनारा जवळ आला. सकाळच्या धुक्यात एक शीड दिसलं. ते कुणाचं, हे बघायला थोडा वेळ थांबावं लागलं असतं. खलाशी म्हणालाही, “कप्तान, जरा धुकं विरू द्या.”

“आणि शत्रू निघाला म्हणजे? टाक तिला. बाकीच्या तिघी पोहोचतीलच.”

मित्रांनो, बुडताना मी स्वतःलाही तेच सांगत होते. पोहोचतीलच बाकीच्या.

ते शीड होतं एका कोळ्याचं! पाणी उथळ होतं. भरती-ओहोटीत मी गडबडा लोळत राहिले. माझ्या पोटातल्या त्या घड्याळाच्या वजनांनी पत्राची ओली पानं जात्यात घातल्यासारखी दळली. मला ओरडता येत नव्हतं. काही दिवसांनी त्याच कोळ्याच्या जाळ्यात मी वर आले. त्यानं मला बंदरावर नेलं, आणि शरमेनं काळेठिक्कर पडलेले कप्तान मला घेऊन राजदूतांसमोर उभे राहिले.

व्हीटनसाहेबांनी माझ्यात हात घातला. बाहेर आला तो करडा लगदा.

“काय लिहिलं होतं यात?”

“मला ठाऊक नाही, साहेब. पण बाकीच्या तीन प्रती तुम्हाला मिळाल्या असतीलच.”

साहेबांनी तो लगदा टेबलावर ठेवला. “वर्ष होत आलं कप्तान, मला घरून एक ओळ आलेली नाही. इथला मंत्री रोज विचारतो, तुमच्या लोकांना हवंय तरी काय? मी काय सांगू त्याला?”

पुढे कळलं, चारही कप्तानांनी तेच केलं होतं. एकानं तर ढगालाच शीड समजून थैली बुडवली. प्रत्येकाला बाकीच्या तिघींचा भरवसा होता.

लढणाऱ्यांना दुसरं काय लागणार, असं म्हणून साहेबांनी मंत्र्याकडे दारूगोळा मागितला. तो मिळाला. भर थंडीत कप्तान जहाज भरून परतले आणि मला घेऊन मेहिटाबलच्या दारी आले.

“जोडे आणलेत?” तिनं विचारलं.

“दारूगोळा आणलाय, वहिनी. खच्चून.” मग ते खाली बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

ती ओरडली नाही. “आणि एनॉकची काही खबर?”

“त्याच्याच तुकडीतली माणसं आहेत तिथे. कुणीतरी बघत असेलच की त्याच्याकडे.”

हे ऐकून मात्र ती उठली. वजनं काढून तिनं जमिनीवर ठेवली, माझ्यात एनॉकचे चर्चला जायचे चांगले जोडे भरले, पोर लिडियाकाकूंच्या कडेवर दिलं आणि कप्तानांना म्हणाली, “बर्फावरची घसरगाडी जुंपा, भावजी.”

छावणीतल्या पहिल्या झोपडीतले शिपाई म्हणाले, “पाईक ना? शेवटच्या झोपडीत आजारी पडलाय. दुसऱ्या झोपडीतले त्याला कांजी नेऊन देतात.” दुसऱ्या झोपडीतल्यांनी पहिलीकडे बोट दाखवलं. शेवटच्या झोपडीतली चूल थंड होती. एनॉक गवतावर पडला होता. तापानं फणफणला होता, पण जिवंत होता.

“मी मजेत आहे,” तो पुटपुटला.

तिनं पायांवरचं गोणपाट सोडलं, आणि कप्तानांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी वैद्यानं थंडीनं सडलेली दोन्ही पावलं कापली.

घसरगाडीवर घालून त्याला घरी आणलं. जोडे मात्र माझ्या पोटातून, न घातलेले, तसेच परत आले. अजून आहेत. मी खिळ्याला टांगलेली असते, माझ्या शेजारी ते घड्याळ.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणीतरी बऱ्याच दिवसांत दिसलेलं नाही. आत्ता वाचतानाच तुम्हाला त्याचं नाव आठवलं असेल. आणि लगेच असंही वाटलं असेल, की घरची आहेत, शेजारी आहेत, कुणीतरी बघत असेलच. बाकीच्या तिघी पोहोचल्या नव्हत्या. ही गोष्ट इथेच मिटून ठेवा, आणि जाऊन त्याचं दार वाजवा. आतून ‘मजेत आहे’ असं म्हणाला, तरी आत जा.