दुपारची दोन-चाळीस

“पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे.”

माईकसमोर येऊन कंडक्टरबाई हे बोलून बसल्या आणि शाळेचं सभागृह हसून हसून लोळलं. गंमत म्हणजे दाराशी अडून उभी राहिलेली माणसं निमूट पुढेही सरकली. एकतीस वर्षांची सवय, ती काय एकट्या बाईंना लागली होती?

तालुक्याच्या मंडळाची निवडणूक चार दिवसांवर आली होती. या भागातून उमेदवार दोनच. एक गोदामवाले, धान्याची चार गोदामं असलेले, गोड बोलणारे. दुसऱ्या आपल्या बाई, दोन वर्षांपूर्वी बसमधून रिटायर झालेल्या. निवडून आलात तर तालुक्यासाठी सगळ्यात आधी काय कराल, हे दोघांनी दहा-दहा मिनिटांत सांगायचं, असं ठरलं होतं.

बाईंच्या हातात कागद होता. त्यावर नऊ मुद्दे. ते लिहून दिले होते त्यांच्या नवऱ्यानं. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे अक्षर इतकं बारीक की वाचायला त्यांचंच भिंग आणावं लागलं असतं. बाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि शेवटी घडी करून ठेवून दिला.

“मुद्दे नऊ आहेत,” त्या म्हणाल्या. “पहिला डॉक्टरचा. डॉक्टर मंगळवारी, शुक्रवारी खालच्या गावात येतात. पण वरच्या वस्त्यांतल्या माणसानं त्यांच्यापर्यंत यायचं कशानं? दुसरा शाळेचा. वरच्या पोरी सातवीनंतर घरी बसतात, कारण शाळा खाली आणि पाय दोनच. तिसरा भाजीचा. भाजी पिकते वर, विकते खाली. अहो, नऊच्या नऊ मुद्दे फिरून फिरून बसस्टॉपवर येऊन उभे राहतात. म्हणून मी एकच सांगते. दुपारची दोन-चाळीसची गाडी. मी रिटायर झाले आणि त्याच महिन्याच्या शेवटी ती बंद केली. खुर्चीत बसून ज्यांनी ती बंद केली, त्यांनी एकदा तरी घाट चढून बघितलं का, म्हणावं.”

पहिल्या रांगेत डेपोचे मॅनेजर बसले होते. ते आपल्या बुटांकडे बघू लागले. मागच्या बाकांवर वरच्या वस्त्यांची माणसं होती, ट्रॅक्टर करून आलेली. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई खूश झाल्या. दोन वर्षं हाच राग त्यांनी दारोदार सांगितला होता आणि तो पाठ झाला होता.

मग गोदामवाले उठले.

“बाईंबद्दल मला आदरच आहे. खिडकीतून चढत होतो म्हणून लहानपणी त्यांनी माझा कान पिरगाळलाय, तो अजून लाल आहे.” लोक हसले. “पण मी डेपोत जाऊन विचारून आलो. शेवटच्या वर्षी त्या गाडीला वरच्या वस्त्यांची दिवसाला किती माणसं होती? चार. साहेब, बरोबर ना?”

मॅनेजरनी मान हलवली. “तिकिटांवरून चारच निघतात.”

“आता चार माणसांसाठी अख्खी गाडी कोण चालवणार? त्यापेक्षा मी रस्ता रुंद करीन.”

चार? बाई तिरीमिरीत उठल्या. पाय ठेवायला जागा नसायची त्या गाडीत! कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसायला लागायचं. चार म्हणे. त्या माईकपर्यंत आल्या, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

कारण त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचा स्वतःचाच हात आला. घाटाच्या पायथ्याशी, पहिल्या वस्तीच्या स्टॉपवर, तो हात तिकिटांच्या पेटीचं झाकण लावून टाकायचा. वर चढणारी सगळी घरची माणसं. “दोन स्टॉपचं कसलं तिकीट, बसा.” गुडघे दाखवून दवाखान्यातून परतणाऱ्या आजी, बसा. शाळेच्या पोरी, बसा. तपासनीस घाटात कधी यायचाच नाही, वळणांवर त्याच्या पोटात ढवळायचं. अनोळखी माणूस चढला तरच तिकीट फाटायचं. असे दिवसाला किती? चार असतील.

चोर शोधायला निघावं आणि माग आपल्याच उंबऱ्याशी यावा, तसं झालं. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काय कळणार होतं? गोदामवाल्यांना दोन टोमणे मारून खाली बसता आलं असतं. पेन्शनही डेपोचीच होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता, त्याची काही मदत नव्हती.

“साहेब खरं सांगतात,” बाई म्हणाल्या. “कागदावर चारच आहेत. कारण बाकीच्यांची तिकिटं मी फाडलीच नाहीत. माझी माणसं म्हणून फुकट नेली. वाटलं, पुण्य करतेय. गाडी डेपोनं नाही बंद केली, मी बंद पाडली. दोन वर्षं तुमच्या दारात येऊन मी दुसऱ्यांना शिव्या दिल्या, त्या मला द्यायच्या होत्या.”

मॅनेजर खुर्चीत सावरून बसले.

“पण माणसं होती,” बाई पुढे म्हणाल्या. “साहेब, माणसं खोटी नव्हती. माझ्या गाडीतून जो कोणी बिनतिकिटाचा वर गेला असेल, त्यानं हात वर करा. लाजू नका, मी सगळ्यांना ओळखते.”

आधी गुडघेवाल्या आजींनी केला. मग मागचं बाक, त्याच्या पुढचं बाक, भिंतीला टेकलेली माणसं. मॅनेजर उभे राहून बोटानं मोजू लागले आणि साठाच्या पुढे त्यांनी नाद सोडला. मधल्या रांगेत एक हात अर्धाच वर आला होता. तो गोदामवाल्यांच्या आईचा होता, त्यांचं माहेर वरचं.

सभा संपल्यावर नवराबायको घरी निघाले.

“अहो, मीच बंद पाडली हो ती,” बाई म्हणाल्या आणि रस्त्यातच रडल्या.

“हो, तूच,” घड्याळवाले म्हणाले. “आणि लोकांना ती आपल्या घरची वाटायची, तेही तुझ्यामुळेच.”

“पेन्शनवर आलं तर?”

“तर येऊ दे. लोकांची घड्याळं बंद पडायची थांबलीत की काय?”

बाई दोनशे बारा मतांनी पडल्या. वरच्या वस्त्यांनी भरभरून दिली, पण वरती मतंच किती? खालच्या गावात लोक म्हणाले, बाई सोन्यासारख्या आहेत, पण तिकीट न फाडणाऱ्याच्या हातात तालुका कसा द्यायचा? बाईंना ते लागलं. दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बरोबरच आहे त्यांचं,” आणि भांडी घासायला बसल्या.

महिन्याभरानं डेपोचं पत्र आलं. पेन्शनला हात लावला नव्हता, पण यापुढे असा प्रकार कळल्यास वगैरे दोन ओळींची कानउघाडणी होती. रिटायर झालेली बाई यापुढे कुठे काय प्रकार करणार, ते डेपोलाच ठाऊक. खाली तिसरी ओळ होती. सोमवारपासून दोन-चाळीसची गाडी तीन महिने सोडून बघू. तिकिटं फाटली तर राहील.

सोमवारी बाई इस्त्रीची साडी नेसून अडीचलाच डेपोत हजर. दाराजवळच्या त्यांच्या जागेवर आता दुसरा कंडक्टर होता, टक्कल पडलेला, चांगला पन्नाशीचा. बाईंना बघून तो उठूनच उभा राहिला.

“या, या बाई. तुमचं कसलं आलंय तिकीट? बसा.”

“हेच,” बाई म्हणाल्या. “हेच म्हणत म्हणत मी गाडी घालवली. फाडा.”

“कुठपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

मागून गुडघेवाल्या आजींनी हात पुढे केला. “माझी दोन दे रे.”

“दोन कशाला, आजी?”

“एक मागचं राहिलंय.”

बाई तिसऱ्या बाकावर आजींच्या शेजारी, वाटेकडच्या बाजूला बसल्या. एकतीस वर्षं त्या या गाडीतून गेल्या होत्या, पण प्रवासी म्हणून कधीच नाही. तिकीट बरोबर फाटलंय ना, हे त्यांनी सवयीनं उलटसुलट करून बघितलं आणि मुठीत धरून ठेवलं.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. पोरी चढल्या, भाजीच्या रिकाम्या पाट्या चढल्या, कोंबड्यांची टोपली आली. एकेक जण आधी हात पुढे करत होता आणि कंडक्टर भराभर फाडत होता. सगळे दाराशीच तुंबले. नव्या माणसाचा आवाज मऊ होता, मागे कोणाला ऐकूच जाईना. बाईंच्या ओठांवर ते शब्द आले. त्यांनी ते गिळले, स्वतःच आजींकडे थोडं सरकून बसल्या आणि बाकाच्या टोकाला एका माणसापुरती जागा केली.