चाळिसाव्याची दाढी

माझी बायको सनोबर माहेरी गेली असताना वारली. तिला तिथेच, सरहद्दीपलीकडे दफन केलं. आज तिचा चाळिसावा. दुपारच्या नमाजानंतर दुवा होता आणि मला त्याआधी पोहोचायचं होतं.

आमच्या नाक्यावर तीन आठवड्यांपूर्वी सरकारने नव्वद कोटी सोम खर्चून आठ यंत्रं बसवली. चेहरा दाखवला की फाटक उघडतं. त्यातली दोन चालू आहेत. बाजूला लेफ्टनंट मैरमबेक उभा असतो.

"काका, हनुवटी वर."

मी वर केली.

"जुळत नाही."

"कोणाशी?"

"तुमच्याशी."

"अरे, तुझ्या पोराचा पाळणा मी बनवलाय. तू मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो हो. पण ओळखायचं काम आता याच्याकडे. माझा शिक्कासुद्धा जमा करून घेतला."

"मग तू काय करतोस?"

"टोपी काढा म्हणून सांगतो." त्याने माझ्या पासपोर्टमधला बिनदाढीचा फोटो पाहिला. "दाढीमुळे अडतंय. समोरच न्हावी आहे, पाच मिनिटांचं काम."

"दुवा होईपर्यंत दाढी काढत नाहीत. तिच्या माहेरचे म्हणतील, याचा शोक महिनाभरात आटोपला."

"मला कळतं, काका. यंत्र मागवणाऱ्यांच्या घरी कोणी मेलं नसेल. नाहीतर राजधानीला अर्ज करा. दहा दिवसांत तुम्ही तुम्हीच आहात असं लेखी मिळेल."

न्हाव्याकडे माझ्याआधी दोघं बसले होते. एकाची आई गेली होती, एकाचा भाऊ. त्यांच्यामागून माझीही दाढी उतरली.

मग फाटक उघडलं. पडद्यावर 'स्वागत' आलं.

मेहुण्याच्या, कामचीबेकच्या अंगणात सगळे माझ्या हनुवटीकडे बघायचे आणि मग चहाकडे. एक म्हातारा म्हणाला, "जावईबापू, घाई होती वाटतं." मी नाक्याचं सांगितलं.

दुवा झाला. त्यांच्या घराची रीत अशी की, त्यानंतर बायकोचा भाऊ दाढी उतरवतो. कामचीबेक गरम पाणी, साबण आणि वस्तरा घेऊन आला.

"बसा, दाजी."

"आता काय काढणार आहेस?"

"बसा म्हणतो ना."

त्याने माझ्या गुळगुळीत गालांना फेस लावला. कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश वस्तरा फिरवला, दर वेळी पातं टॉवेलला पुसलं. टॉवेलवर नुसता फेस होता.

"कापशील हां," मी म्हणालो.

"हलू नका," तो म्हणाला आणि दुसऱ्या गालाकडे वळला.