सगळं बंद

आधी माझे पाय गेले, मग हात. बहीण म्हणाली, "मर्नाला आता कायमची नर्सिंग होममध्ये ठेवा." माझा नवरा ड्वेन काचेच्या कारखान्यात कामाला, दिवसभर घरात मी एकटी. त्याने नाताळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि एक कॉम्प्युटर आणला.

दिवा, हीटर, रेडिओ, मदतीला बोलवायची अंगणातली घंटा, प्रत्येकाच्या प्लगला त्याने एकेक डबी लावली. घरातल्या विजेच्या तारेतूनच कॉम्प्युटरचा हुकूम डबीला जायचा. मी तोंडात पेन्सिल धरून बटण दाबायचे. हौसेला मोल नाही म्हणतात. बिछान्यातून बंद करता यावा म्हणून या शहाण्याने कॉम्प्युटरलाही डबी लावली!

माझा दिवा मी स्वतः लावला, त्या संध्याकाळी मी रडले.

पण ड्वेनच्या पोटात काही राहतं? शेजारच्या चेटला बोलावून सगळं दाखवलं. "अरे, तूही घे अशा डब्या! नाताळच्या माळा खुर्चीत बसून लाव." चेटने घेतल्या. प्रत्येक डबीवर अक्षराचं एक चाक असतं, त्या अक्षराचाच हुकूम ती ऐकते. दोघांनीही ते 'ए'वर आलं तसंच ठेवलं. आणि दोन्ही घरांची वीज एकाच खांबावरून.

बर्फ पडत होता. चेटने मेहुण्यांना माळा दाखवल्या आणि शेवटी ऐटीत 'सगळं बंद' दाबलं. अंगणात टाळ्या पडल्या. इकडे माझा दिवा गेला, हीटर गेला, कॉम्प्युटरही गेला. प्रोग्रॅम दर वेळी कॅसेटवरून पुन्हा भरायचा, ती कोण लावणार, मी? पेन्सिलीने मेलेली बटणं बडवली. ओरडले. तिकडे त्यांची गाणी सुरू झाली होती.

ड्वेन आला तेव्हा मी गारठले होते, कपडे ओले झाले होते. त्याने मला पुसलं, गोधडीत गुंडाळलं आणि चेटला विचारून आला.

"अगं, एवढंसं चाक गं! 'ए'चं 'एम' केलं की झालं." गुडघ्यांवर बसून त्याने डब्या फिरवल्या. दिवा लागला. "बघ! आता तुझं कोणी बंद करणार नाही."

"ड्वेन, फोन कर."

"चेटला? त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

"माझ्या बहिणीला."

"अगं, नाताळ अजून लांब आहे..."

"मला या घराची भीती वाटते रे."

हातातली डबी त्याने खाली ठेवली. मग उठला. फोन स्वयंपाकघरात, भिंतीवर. त्याला मात्र त्याने डबी लावली नव्हती. नंबर त्यालाच फिरवावा लागला.