चढाखालचा गुंता

दादाचा फोन हॉस्पिटलमधून पिशवीत घालून मिळाला, तेव्हा तो चालूच होता. सायकलच्या फेऱ्या नोंदवणारं ॲप विचारत होतं, राइड संपवायची का? धाकटीने 'हो' दाबलं. जतन करायची का? तेही 'हो'. समोर बटण आलं की दाबायचं, एवढंच तिला त्या दिवशी जमत होतं. राइड दादाच्या सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसली आणि बातमी कळायच्या आधीच चौघा-पाच जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकून शाबासकीही देऊन टाकली.

काही दिवसांनी पाना घरी आला. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाचं खरं नाव बहुधा दादालाही माहीत नसावं. खुर्चीच्या कडेवर बसून तो पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलून झालं, ग्रुपमधल्या सगळ्यांची विचारपूस पोचवून झाली, तरी तो उठेना. मग एकदाचं त्याच्या तोंडून निघालं. दादा टेकडीच्या पायथ्याशी कोसळला, पण फोन खिशात चालू राहिला आणि ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन त्याच चढावरून गेली. ॲपला काय कळणार? त्याने दादाला त्या चढावरचा सगळ्यांत वेगवान ठरवून टाकलं. तिथला पहिला नंबर ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरणीचा होता, वर्षभर घाम गाळून मिळवलेला. ती बिचारी अवाक्षर बोलली नव्हती, पण बाकीच्यांना ते बघवत नव्हतं. शेवटचा तुकडा तेवढा कापता आला तर बरं होईल.

"चढावर तो कायम शेवटचा यायचा ना?" आईने विचारलं.

पाना चाचरला. "शेवटचा म्हणजे... आम्ही वर थांबायचो त्याच्यासाठी, काकू."

"मग राहू दे की एकदा पहिला."

हसावं की नाही, हे पानाला कळेना. आई थट्टेत बोलली नव्हती.

कापते, असं म्हणून धाकटीने फोन घेतला. आपल्याला काही वाटतंय का, हे तिने चाचपून पाहिलं. बोट बधीर झाल्यावर सुई टोचून बघावी तसं. काही नाही. पडद्यावर नकाशा आला. घरापासून निघालेली नारिंगी रेघ कालव्याच्या कडेने पायथ्यापर्यंत गेली होती. तिथे तिचा दोऱ्यासारखा गुंता झाला होता आणि गुंत्यातून सुटून ती सरळ टेकडीवर चढली होती. खाली सरकवायची पट्टी होती. पट्टी मागे ओढायची, हवं तिथे थांबायचं, बस्स.

आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"हे काय गं, एवढं गोल गोल?"

धाकटी वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काट्यावर काहीही नसलं तरी शेवटचा आकडा हलत राहतो, हे ती रोज बघत असे. फोनचंही तसंच. तो एका जागी निपचित पडला, तरी आपली जागा त्याला नेमकी सापडत नाही. कधी हात-दोन हात इकडे दाखवतो, कधी तिकडे, आणि ॲप ते सगळे ठिपके जोडत जातं. गुंता म्हणजे न हलणं.

"फिरला होता तो इथे," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेला. ते होते का तिथे? नळ आहे ना रे तिथे, पाना?"

"आहे, काकू. पलीकडच्या अंगाला."

"मग पाणी प्यायला उठला असेल. बघ ना, किती वेळा गेलाय."

पानाने धाकटीकडे पाहिलं. तिने पट्टी मागे ओढली. चढ पुसला गेला. रेघ गुंत्यापाशी आली. राइड खरी जिथे संपली, ती जागा गुंत्याच्या अलीकडे होती, आणखी थोडंसं ओढलं की झालं. तिचं बोट थांबलं.

"हो," ती म्हणाली. "फिरत होता."

तिने गुंता ठेवून 'जतन करा' दाबलं. ॲपने पुन्हा हिशोब मांडला. पहिला नंबर डॉक्टरणीकडे परत गेला. दादाचं नाव चढाच्या यादीत खाली त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसलं. पाना हळूच थँक्यू म्हणून चपला घालायला गेला.

आईने गुंता मोठा करून मागितला. ती त्यावरून बोट फिरवू लागली, पण बोट लागलं की नकाशाच सरकायचा. धाकटी तो परत मध्ये आणून द्यायची. पुन्हा सरकला की पुन्हा.