बाबाच्या छपरावरचे सदतीस कंदील

"सरका, सरका! बाबांनी तेज उतरवलं!" बाबाचा चेला ओरडत होता.

सकाळचे दहा वाजले होते. तेजबाबाच्या दारातली रांग पार पाणवठ्यापर्यंत गेलेली. आपल्या अंधाऱ्या खोलीत बाबानं काळं फडकं झटकन ओढलं, कळ दाबली, आणि तीन दिवसांपूर्वी मेलेला कंदील लखलखला. बायकांनी हात जोडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी इथल्या दवाखान्यातली नर्स. वस्तीत वीज येते आणि बसायच्या आत जाते. म्हणून महिला गटानं घरोघरी स्वस्तातले सौर कंदील दिले. डोक्यावर सौर पट्टी, पोटात बॅटरी, संपलं. पण आमची माणसं पडली जपणारी! नव्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत. बाबानं नेमकं तेच हेरलं.

"बाळांनो, उन्हानं दिव्यातलं तेज उडतं. माझं मंतरलेलं फडकं दिवसभर गुंडाळून ठेवा."

सगळ्यांनी गुंडाळलं. आठवड्यात कंदील विझायला लागले. मग बाबाकडे धाव, तिथे कंदिलाचा तीन दिवस मुक्काम, आणि कंदील पुन्हा जिवंत! वर दरवेळी एक कोंबडी बाबाच्या पोटात.

गेल्या महिन्यात गवंड्याची बायको बाळंत झाली आणि रक्त थांबेना. बाळंतपणाच्या खोलीला खिडकी नाही, वीज गेलेली, आणि दवाखान्याचा कंदील ठार बंद. रक्त नेमकं कुठून येतंय तेच दिसेना. ती गेली. मी काय केलं? बॅटरी खराब झाली असेल म्हणून नव्या बॅटरीचा अर्ज खरडला. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

आज आमच्या आयाबाईच्याच लेकीला कळा सुरू झाल्या, आणि वीज गेली.

"कंदील कुठाय?"

"सिस्टर, रागावू नका. लेकीसाठी म्हणून परवा बाबांकडे ठेवलाय. मी रोज फडकंसुद्धा नीट बांधत होते हो!"

मी तडक बाबाच्या दारात आले आणि रांग मोडून आत घुसले.

"माझा कंदील द्या."

"माते, तिसरा दिवस पुरा झालेला नाही. अर्धवट तेज बाळाला भोवेल."

"ठेवलाय कुठे?"

"अंधाऱ्या समाधीत."

मी मागच्या खोलीत शिरले. समाधी कसली, तिथे उंदीरही नव्हता. मागच्या दाराबाहेर शिडी लावलेली. बाबाचा चेला आडवा आला. त्याला ढकलून मी वर चढले.

छपरावर सदतीस कंदील ओळीनं मांडलेले. एकावरही फडकं नाही. पट्ट्या लख्ख पुसून सूर्याकडे केलेल्या.

"अहो वर या!" मी ओरडले. "वर या आणि बघा बाबाचा मंत्र! ऊन खातायत तुमचे कंदील! तुमच्या अंगणात फुकट पडतं तेच ऊन!"

"बाटवलं! तेज बाटवलं!" खालून बाबा किंचाळला.

पाच-सहा जणी वर आल्या. त्यातल्या शिंपिणीनं छपराच्या कडेवरून खाली बघितलं. "मग आम्हाला फडकी कशाला बांधायला लावलीस रे भामट्या?"

बाबा चेल्याच्या आड सरकला. पुढचं बघायला मी थांबले नाही. दवाखान्याचा कंदील उचलला आणि धावत सुटले.

बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. उजेडात स्पष्ट दिसले, म्हणून पटकन सोडवता आले. मुलगी झाली. असली रडली की मला हसू फुटलं.

हात धुऊन बाहेर आले, तर दारात गवंडी. छातीशी घरचा कंदील, फडक्यासकट.

"सिस्टर, त्या दिवशी तुमचा कंदील उन्हात ठेवलेला असता, तर ती वाचली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं. "रक्त कुठून येतंय ते दिसलं असतं," मी म्हणाले. "बहुतेक वाचली असती."

त्यानं आपल्या कंदिलाचं फडकं सोडून टाकलं. माझ्या मागे आयाबाई नातीला घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. दवाखान्याच्या कंदिलाचं फडकं तिनं बांधलं होतं, आणि फडक्याखाली काय चाललंय ते बघायचं काम माझं होतं.

म्हणून हात जोडून सांगते, कुणीही चमत्कार दाखवला की आधी त्याच्या छपरावर चढा. तो तुम्हाला जे करू नका म्हणतो, ते स्वतः करतो का, बघा. विचारायला लाजू नका, भिऊ नका. आम्ही कुणीच विचारलं नाही, आणि गवंड्याच्या बायकोचा जीव हातभर फडक्यानं घेतला.